डब्याची दुसरी शेपटी

मी लिनक्सवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर फुकटची, खुली प्रणाली वापरणारा. चोरलेली विंडोज वापरायची नाही, हे माझं तत्त्व. एका दुष्काळात आमच्या गावचे भिवाकाका शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर आले. त्यांच्या वस्तीवर पाण्याचा टँकर आठ दिवसांनी, तोही अर्धाच भरून यायचा. त्यांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता, पण टँकर वाढवायच्या अर्जासोबत तहसील ऑफिसला पुरावा सीडीवरच हवा होता. माझ्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नाही, म्हणून मित्राकडून बाहेरून जोडायचा रायटर आणला.

सीडी निम्मी भरली की रायटर बंद पडायचा. मी प्रोग्राम बदलले, वेग कमी केला, कमांडवर कमांड दिल्या. पाच सीड्या वाया गेल्या. आयुष्यभर मेंढरं राखलेले काका शांतपणे बघत होते.

"पोरा, ह्या डब्याच्या वायरला दोन शेपट्या हायेत. तू एकच लावलीस. दुसरी शोभेला हाय व्हय?"

दुसरीही लॅपटॉपला लावली. रायटरला पुरेशी वीज मिळाली आणि सहावी सीडी झाली.

ऑफिसात क्लार्कनं सीडीच्या मधल्या भोकातून फायलीची नाडी ओवली आणि गाठ मारली.

"साहेब, बघणार कधी?" मी विचारलं.

"कशावर बघू? आमच्या कॉम्प्युटरला सीडी लागतच नाही."

मी पिशवीतून रायटर काढला.

"बाहेरचं काही जोडायला मनाई आहे," ते म्हणाले.

मी रायटर परत पिशवीत ठेवला. काका मात्र फायलीकडे निरखून बघत होते.

"चल पोरा. गाठ लई पक्की मारली त्यांनी. मेंढरू बी सुटायचं नाय."