घडीवाल्या ताईंचे पाच सोमवार

आजच्या या छोटेखानी समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धुलाई विभागाचे व्यवस्थापक साहेब, रुग्णालयातून वेळात वेळ काढून आलेल्या मुख्य परिचारिका बाई, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या घडीवाल्या ताई, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. साहेबांनी जिन्यात गाठून बजावलं, "दोनच हं. ताईंची सहाची बस आहे." त्यामुळे मी मुद्द्यावरच येतो. आता चार वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत.

मला इथे कोण ओळखत नाही? पंचवीस वर्षं रजेच्या खिडकीत बसलोय. तुम्ही मला पाठीमागे 'शून्यकाका' म्हणता, तेही मला ठाऊक आहे. हसा, हसा. खिडकीशी माणूस आला, मी कार्ड काढलं, चष्मा वर केला आणि म्हणालो, "शिल्लक शून्य." माणूस गेला की मी पुन्हा चहा प्यायला मोकळा. आपला कारभार चोख! चोख कारभाराबद्दल याच व्यासपीठावर माझा सत्कार झाला होता. साहेब, तो पुष्पगुच्छ तुम्हीच दिला होतात.

ताईंबद्दल चांगलं बोलायचं म्हणून मी आज सकाळी त्यांची जुनी कार्डं काढून बसलो. एकोणीस वर्षं, एकोणीस कार्डं. वाटलं, एखादा छानसा आकडा सापडेल. बाईंनी किती चादरींच्या घड्या घातल्या, याचा हिशोब कुणाकडेच नाही. पण रजा किती कमी घेतल्या, हे तर मी सांगू शकतो ना? भाषणात तेवढीच टाळ्यांची जागा.

पाहुण्या बाईंसाठी आमची पद्धत थोडक्यात सांगतो. इथे प्रत्येकाला वर्षाला अठ्ठावीस दिवस रजा. त्यातच आठ सार्वजनिक सुट्ट्या धरलेल्या. म्हणजे आपल्या मर्जीने घ्यायला राहिले वीस. वर्षाच्या पहिल्या दिवशी मी सगळी कार्डं पुढ्यात घेतो आणि त्या आठ तारखांवर लाल शिक्का मारत सुटतो. दोनशे बारा कार्डं, एका दुपारीत! अंगठा सुजतो, पण मला त्याचा अभिमान होता. आठातल्या पाच सुट्ट्या आपल्याकडे दरवर्षी सोमवारीच ठेवलेल्या असतात. त्या सोमवारी धुलाई बंद, सगळे घरी, एक दिवस रजेतून वजा. इथवर बरोबर आहे.

आता ताईंच्या कार्डाचा वरचा कोपरा सांगतो. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलंय, "साप्ताहिक सुट्टी : सोमवार."

रविवारी रुग्णालयातून चादरी कमी येतात, म्हणून घडी विभागाला सोमवारी काम नसतं. त्या नऊ माणसांची आठवड्याची सुट्टीच सोमवारी. ज्या दिवशी ताईंना यायचंच नव्हतं, तो दिवस मी त्यांच्या रजेतून कापला. वर्षाला पाच. एकोणीस पंचे पंच्याण्णव. अहो, पहिलीतल्या पोराला कळेल असली चूक, आणि मी पंचवीस वर्षं ती सुबक अक्षरात करत आलो.

नाही साहेब, मी भरकटलो नाही. माईक राहू द्या.

गेल्या वर्षी ताई खिडकीशी आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वीसच्या वीस दिवस त्यातच गेलेले. म्हणाल्या, "काका, पाच दिवस हवेत. आईकडे जायचंय. ती विसरायला लागलीये. भाऊ म्हणतो, शेजारच्यांची नावं गेली, नातवंडांची गेली. माझं अजून आहे."

मी कार्ड काढलं, चष्मा वर केला.

ताई म्हणाल्या, "जरा नीट बघा ना, काका."

आणि मी काय म्हणालो? या सभागृहासमोर सांगतो. मी म्हणालो, "ताई, माणूस खोटं बोलेल, कार्ड नाही बोलत." बिनपगारी रजेचा अर्ज केला, तर घडीला माणसं कमी म्हणून तोही नामंजूर. आठवड्याची एक सुट्टी, आणि गाव एका दिवसाच्या वाटेवर. गेल्या गेल्या उलट पावली निघायचं, तरी मंगळवारची पाळी चुकणार. बाई गेल्या नाहीत. पाच दिवस मागत होत्या, मित्रांनो. मी बरोबर पाचच कापले होते.

या वर्षी त्या तीन-तीन दिवस करून जाऊन आल्या. पहिल्या खेपेला दार आईनेच उघडलं. म्हणाली, "या बाई, बसा. कुणाकडे आलात?" हे ताईंनी मला सांगितलं नाही. घडीच्या टेबलावर सांगितलं, आणि ते मशीनच्या आवाजातसुद्धा माझ्या खिडकीपर्यंत आलं. मी काय केलं? पुढचं कार्ड काढलं.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. आई सकाळी तासभर शुद्धीत असते. पलंगावरची चादर ओढते, दोन टोकं हातात धरून उभी राहते आणि म्हणते, "अगं, ये ना लवकर, पलीकडची टोकं धर." ताईंना घडी घालायला तिनेच शिकवलं होतं. भाऊ पुढे झाला तर म्हणते, "तू नको, तिला बोलाव." ताई, मला क्षमा करा, तुमच्या घरातली गोष्ट मी अशी चव्हाट्यावर मांडतोय. पण आता माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही.

ताई दहा दिवस मागायला आल्या. या वर्षीचेही वीस संपलेले. मी म्हणालो, "शिल्लक शून्य." त्यांनी वाद घातला नाही. माझ्याकडूनच कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर राजीनामा लिहिला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय हो त्यांच्या! तो राजीनामा आज संध्याकाळी पाच वाजता लागू होतो. आपण ज्याला निरोप समारंभ म्हणतोय, तो माझ्या चुकीचा समारंभ आहे. फुलं, प्रवासी बॅग आणि बिस्किटं देऊन आपण एका बाईला तिच्याच रजेपायी घरी पाठवतोय.

सकाळी हे उमगलं तेव्हा मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब, तुम्ही वाईट नाही. तुम्ही म्हणालात, "समारंभ तर उरकू द्या, उद्या बघू." पण उद्या काय बघणार? उद्या त्या इथल्या नोकरीत नसतील. नोकरी नाही तर कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर दुरुस्ती कशाची? म्हणून ठरलेलं भाषण मी सोडलं नाही आणि इथे येऊन उभा राहिलो. मला काय कारवाई व्हायची ती होऊ द्या. मी खरंच घाबरलोय. पण मला आज दुसरं काही सुचत नाही.

जुने पंच्याऐंशी दिवस बुडाले. नियमाप्रमाणे मागच्या वर्षापलीकडचं काही देता येत नाही. पण मागचे पाच आणि यंदाचे पाच असे दहा दिवस अजून जिवंत आहेत. ताईंना दहाच हवे होते. घडी विभागातल्या बाकीच्या आठ जणांनो, कुजबुजू नका, तुमच्याही कार्डांवर हेच झालंय. उद्या सकाळी खिडकीवर या आणि मला हव्या त्या शिव्या द्या.

माझ्या हातात हे दोन कागद आहेत. एक राजीनामा मागे घेतल्याचा, दुसरा दहा दिवसांच्या रजेचा. मीच लिहून आणलेत. खाली ताईंची सही हवी आणि साहेबांची. परिचारिका बाई, आपण मध्ये बसला आहात, एवढे पलीकडे सरकवता का? पाहुण्यांना काम सांगतोय, माफ करा.

काय म्हणता, ताई? मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही. ...ऐकलंत? त्या म्हणताहेत, "काका, सही होवो न होवो, मी सहाच्या बसने जाणारच. माझी आई चादर धरून उभी आहे."

जा, ताई. जायलाच हवं. पण जाताना नोकरी इथे ठेवून कशाला जाता? परत यायला जागा असू द्या की!

आणि हो, सही झाली तरी माझी चूक धुतली जाणार नाही. दहा दिवस मी परत देऊ शकतो. पण गेल्या वर्षी तुमच्या आईला तुमचं नाव दिवसभर आठवत होतं, ते पाच दिवस मी कुठल्या कार्डावरून आणू? ते गेले, ताई. मी घालवले.

बोलणं लांबलं. साहेबांनी दोन शब्द सांगितले होते, मी फारच पुढे गेलो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. भाषणात काही कमी-जास्त बोललो असेन तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीच्या चुकीची क्षमा मी इथे मागत नाही. ती ताईंच्या आईकडे मागायला हवी, आणि त्या विचारतील, "या, बसा. कुणाकडे आलात?"

साहेब, पाचला दहा मिनिटं आहेत. ताईंची सही झाली. आपल्याजवळ पेन नसेल तर हे घ्या माझं. लाल नाही, निळं आहे.