कमळाची कमान

सुकलाल : काकू, उठा आता. गडी पहारी घेऊन ताटकळलेत. ठेकेदार आला की मुकादम म्हणून माझीच कातडी सोलेल.

प्रमिलाबाई : सोलू दे. मी या कमानीखालून हलणार नाही.

सुकलाल : अहो, स्टेशन नवं होतंय. या दगडी कमानी जाऊन सिमेंटचा स्लॅब पडणार. रात्रपाळी करून आलात, उधन्याला घरी जाऊन झोपा की.

प्रमिलाबाई : जयश्री यायची आहे.

सुकलाल : जयू? सासरहून? कधी?

प्रमिलाबाई : ते तिलाही माहीत नाही. नवरा बाहेरून कुलूप लावून कामाला जातो. दिवाळीत हात मोडला तिचा, सासू म्हणाली पाय घसरला. मी बांगडीवाल्या अनुसयाबरोबर निरोप धाडला, ज्या दिवशी दार उघडं सापडेल त्या दिवशी नीघ. सुरतेला उतर आणि कमळाच्या कमानीखाली बस. ते कमळ बघ वर, मधल्या दगडावर कोरलेलं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून हात लावायची त्याला.

सुकलाल : मग दुसरा निरोप धाडा. तिकीटखिडकीपाशी बस म्हणावं.

प्रमिलाबाई : कोणाबरोबर? अनुसयाला आता उंबऱ्यावरूनच हाकलतात. जयूला वाचता येत नाही, त्यात इथल्या पाट्या गुजरातीत. अख्ख्या सुरतेत तिच्या ओळखीची एवढीच जागा.

सुकलाल : तुम्ही रोज येताच ना? पाडल्यावरही या.

प्रमिलाबाई : मी पाळी सुटल्यावर येते. ती आधीच्या गाडीने आली आणि कमान दिसली नाही तर? भलत्याच गावी उतरले म्हणून परत गाडीत बसेल पोर.

सुकलाल : (वर बघत) चुन्यातलं काम आहे. असा दगड घडवणं माझ्या एकाही गवंड्याला जमायचं नाही. मला का हौस आहे पाडायची? पण हुकूम आहे, काय करू माय.

प्रमिलाबाई : मग मार पहार. मी बसलेय. आधी मीच तिला म्हणाले होते, सोस, नांदून घे. याच तोंडाने म्हणाले. आता कोणाचं ऐकायचं नाही मला, तुझ्या ठेकेदाराचंही नाही.

सुकलाल : बळीराम, गड्यांना त्या टोकाला ने. तिकडून सुरुवात करा, ही शेवटी घेऊ... चार दिवस, काकू. जास्त नाही.

प्रमिलाबाई : पाचव्या दिवशी पुन्हा बसेन.

सुकलाल : आणि ठेकेदाराने विचारलं, ही एकच का ठेवली?

प्रमिलाबाई : खाली माणूस आहे म्हणून सांग.

सुकलाल : तुम्ही पाळीवर असताना कोण माणूस?

प्रमिलाबाई : माझी जयू. अजून पोचली नाही, एवढंच.