'जुनी वीजबिलं' नावाचं फोल्डर

—नाही हो भाऊ, स्पीकर बिघडलाय हे खरं, पण तो मी इतक्या घाईने दुरुस्त का करून घेतेय ते ऐकाल तर हातातला पेचकस गळून पडेल तुमचा! बसा, वायरी जोडता जोडता ऐका. आमचे हे — बँकेतून रिटायर झालेले, घरातसुद्धा इस्त्रीच्या शर्टात वावरतात, यांना हसवायचं तर आधी अर्ज करावा लागतो — हे नाचतात! हो, नाचतात! कुठे म्हणजे? याच्यात, कॉम्प्युटरमध्ये! हे बघा, वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'हिडन आयटम्स' — तिथे टिक केली की लपवलेलं सगळं दिसायला लागतं, फिकट फिकट. भाचीने शिकवलं मला. आता म्हणाल, तुम्हाला कशाला हवं होतं हे? — म्हणाला नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतंय. तर माझंही एक फोल्डर आहे लपवलेलं. कुणाला बोलू नका हं. मी गाते. हे फिरायला गेले की स्वयंपाक करता करता गाते, फोनवर रेकॉर्ड करते आणि इथे आणून लपवते. गाणीही माझीच, मनाने जुळवलेली. लग्न नवं होतं तेव्हा एकदा गायले होते यांच्यासमोर, तर म्हणाले, यापेक्षा कुकरची शिट्टी बरी! गमतीत म्हणाले हो — पण लागलं मला, फार लागलं. पुन्हा म्हणून यांच्यासमोर गुणगुणलेसुद्धा नाही. जाऊ दे — ती काळी वायर इकडची ना?

तर काल टिक केली, आणि माझ्या फोल्डरशेजारी आणखी एक! नाव काय, तर 'जुनी वीजबिलं'. आता वीजबिलं कोणी लपवतं का? उघडलं, तर व्हिडिओ! हे बनियनवर, सोफा सरकवलेला, एक हात कमरेवर, एक हवेत — आणि मध्येच गिरकी! टीपॉयला धडकले, तरी थांबले नाहीत! हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. पण आवाज कुठाय? नाचतायत कशावर तेच कळेना, जीव नुसता टांगणीला! आज आले की विचारणारच आहे — काय हो, बिलं भरली का सगळी? — झालं? लावा, लावा! मोठा करा, आणखी मोठा — आता बघा हं, आता गिरकी येईल —

थांबा.

हे गाणं... भाऊ, हे माझं आहे. हा माझा आवाज आहे. अगं बाई — टिक केल्यावर मला यांचं दिसलं, तर यांना माझं दिसणारच की! माझ्या डोक्यात कसं नाही आलं हे? आणि मागे तो कुकर — ऐकलंत? शिट्टी झाली, आणि गिरकी! पुन्हा शिट्टी — बघा, बघा, बरोबर शिट्टीवर घेतायत हो! रडत नाहीये मी, हसतेय. दोन्ही होतंय, काय करू!

बेल वाजली. आले वाटतं. निघा तुम्ही भाऊ, पैसे उद्या न्या, दार उघडंच राहू द्या. — नाही, नाही, बंद नका करू. वाजू दे.