ताटं आहेत ना तिकडे

—नाही हो, सगळं सुरळीत होतं, अगदी आज सकाळपर्यंत, आणि पहिल्यांदा खटकलं ते आत्याच्या व्हॉइस मेसेजनं—हा बघा, ऐकवू? थांबा, आवाज बारीक करते, आत ऐकू जायला नको—"गो बाय, ताटा हायेत ना तिकरं? का आमची हानू?" ऐकलंत? ही माझी शालूआत्या, बाबांची बहीण. ताटं आहेत ना तिकडे, का आमची आणू, असं म्हणतेय ती. आता तुम्हीच सांगा, तुम्ही रोज या काउंटरला उभ्या असता, या हॉटेलात घरून ताट घेऊन कोणी आलंय कधी? नाही ना. मीही हसले. आत्या ती आत्याच, उद्या विमानात बसवली तर भाकरी बांधून नेईल. एक हसरा चेहरा पाठवला आणि केस धुवायला गेले. आणि डोक्यावर शॅम्पूचा फेस असताना डोक्यात आलं—आमच्याकडची सहाच माणसं यायची, त्यांच्यासाठी ताटं कोण आणतं? स्वतःचं एक ताट आणेल माणूस, हौस म्हणून. पण 'आमची'? आमची म्हणजे किती?

आई गं—लिफ्ट होती का ती? सॉरी. मी दचकते. कुकरला दचकते, पोस्टमनला दचकते, माझ्याच फोनच्या रिंगटोनला दचकायचे म्हणून बासरी लावली, तर आता कुठे कीर्तन असलं तरी दचकते. तुम्ही तुमचं काम करा, मी इथे उभी राहिले तर चालेल ना? आत नाही जाऊ शकत मी. ते कोपऱ्यातलं टेबल दिसतंय, मेणबत्तीवालं, दहा जणांचं, त्यावर चौघंच बसलेत—ते आमचेच. म्हणजे आमचे अजून झाले नाहीत, आज ठरेल. तो निळ्या कुर्त्यातला सुश्रुत, लग्न करायचंय आम्हाला, ती त्याची बहीण उर्वी, ते त्याचे बाबा हरिहरकाका आणि चष्मा लावून मेनू वाचतायत त्या त्याच्या आई, उत्तराकाकू. डोंबिवलीहून आलेत. आठचं बोलावणं होतं, साडेसातला पाच कमी असताना हजर. उशीर झाला की माणूस नापास होतो असं काहीतरी आहे त्या घरात. काकूंनी आतापर्यंत मेनूतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आहेत, प्रेमानं काढल्या आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत त्या. मी म्हटलं, आलेच, घरचे कुठवर पोचलेत बघते. त्याला वीस मिनिटं झाली.

एक मिनिट, पुन्हा लावून बघते. … वाजतोय. … नाही. बाबा उचलत नाहीत. आईचा फोन फ्रिजवर असणार, तिचा फोन फ्रिजवरच राहतो, तो लँडलाइन आहे असं तिचं मत आहे. भाऊ प्रितम गाडी चालवतोय, आणि प्रितम गाडी चालवायला बसला की गाडीत गाणी लागतात आणि मग आपण इकडे मेलो तरी कळणार नाही.

काय सांगत होते? हां, हे हॉटेल. हे मी निवडलंय बरं का. दीड महिना लागला. पाडव्याचं जेवण आमच्याकडे आळीपाळीनं असतं, एका वर्षी एका भावाकडे, यंदा बाबांची पाळी. आणि त्याच दिवशी सुश्रुतच्या आई-बाबांनी बाबांना भेटायचं ठरलेलं, मग मी म्हटलं, बाबा, यंदा हॉटेलात करू, आईला तरी चुलीपुढून सुट्टी. बाबा एका पायावर तयार. मग मी बघायला निघाले. कल्याणला एक बघितलं, मोठं, पण दारातच माशांची काचेची टाकी—आमचा देवरामकाका शोभेच्या माशाकडे बोट दाखवून म्हणाला असता, हा कसा दिला? कॅन्सल. घोडबंदरला एक, त्यांचा बुफे—बुफे म्हणजे आमच्याकडे शर्यत असते, कॅन्सल. डोंबिवलीत एक गच्चीवरचं, तिथला वेटर प्रत्येक पदार्थ असा समजावून सांगायचा, की जणू एक्सरे वाचतोय—इथे जरा पालक आहे, घाबरू नका. आणि मग हे. इथे पाऊल टाकलं आणि माझाच आवाज आपोआप खाली आला. एवढा गालिचा, एवढी परातीएवढी प्लेट आणि मधोमध प्रसादाएवढं अन्न. म्हटलं, बास. हेच. इथे माझ्या घरचेसुद्धा हळू बोलतील.

—नाही, तसं नाही. म्हणजे तसंच. खरं सांगू का तुम्हाला, तुम्ही काय पुन्हा भेटणार नाही. मी असं हॉटेल शोधत होते की जिथे सहाच्या वर माणसं आणायची कोणाला छातीच होऊ नये. चव नाही बघितली मी. दार बघितलं. ते केवढं मोठं काचेचं, आणि तो दरवाजातला फेट्यातला माणूस. म्हटलं, हा बघूनच भावकी मागे फिरेल.

भावकी काय करायला आली मध्ये, तर तेच सांगतेय. सकाळी फेस पुसून आईला फोन लावला, तेव्हा उचलला होता तिनं. मी सहज विचारलं, किती जण येतोय आपण? तर म्हणते, बाबांनी परवाच सगळ्या घरांत चूलबंद सांगितलंय. चूलबंद माहीत आहे ना? असं आमंत्रण, की त्या दिवशी त्या घरातली चूल पेटवायचीच नाही, म्हातारी, कोतारी, पाळण्यातलं पोर, आलेला पाहुणा, सगळे आपल्याकडे जेवायला. आणि ते फोनवर नाही चालत. दारात जाऊन सांगावं लागतं. मी व्हॉट्सॲपवर फुलांचं कार्ड करून सहा जणांना पाठवलं होतं, त्याला बाबा कार्ड समजलेच नाहीत, त्यांना वाटलं शुभेच्छा आहेत. आणि माझे बाबा, पंढरी नाव त्यांचं, गुडघा दुखतो म्हणून लग्नांना जायचे बंद झालेत, ते आठ घरं फिरले. पायी. आई म्हणाली, मी बोलले त्यांना, अहो पोरीनं दहांचं टेबल सांगितलंय. तर म्हणाले, "लेकीची सोयरीक नि भावकी पंक्तीला नाय? लोका म्हन्तील पंढरीनं पोर लपवून दिली."

मग मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, बरं. मी दचकले की बरं म्हणते. नंतर दिवसभर फोन हातात घेऊन बसले, आता करते, मग करते. पाच वाजता धीर करून केला, तेव्हा सगळे गाडीत चढत होते, त्या गोंधळात कोणी ऐकूनच घेतलं नाही, आता कोणी उचलत नाही. एक ट्रॅव्हलर आणि एक टेम्पो. एकोणचाळीस माणसं. कडेवरची धरलेली नाहीत.

पैशाचं नाही हो काही. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला, तेव्हापासून बाबा मला कुठे खिशात हात घालू देत नाहीत. प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की आत ते काका चमच्यानं सूप पितायत आणि आवाज येत नाहीये. चमचा वाटीला लागतच नाही त्यांचा, मी बघत होते. आणि आमच्याकडे देवरामकाका, त्याच्या पानात इथल्यासारखं एवढंसं वाढलं, की तो वाढप्याला विचारतो, चव बघायला दिलंस का रे? जाईबाई येतील, बाबांच्या चुलती, त्या नव्या माणसाचं तोंड हातात धरून बघतात, बैल बघतात तसं, आणि मग म्हणतात, बरा हाय. काकूंचं तोंड धरतील त्या. मुख्याध्यापिकेचं.

आणि काकूंना मी ठाण्याची, वर्तकनगरची, एवढंच माहीत आहे. खोटं नाही ते, फ्लॅट आहेच आमचा वर्तकनगरला, मी कॉलेजपासून तिथेच. पण घर खडवलीला. खडवली म्हटलं की लोक म्हणतात, अय्या, तिथे नदीवर पिकनिकला गेलेलो आम्ही, आणि मग पुढे काही विचारत नाहीत, जणू तिथे नदीच राहते. सुश्रुतला माहीत आहे सगळं, तो आलाय घरी, चार भाकऱ्या खाऊन ओसरीवर झोपला होता गाढवासारखा. तो म्हणत होता, आईला सांगू या ना. मीच म्हटलं, नको, योग्य वेळ येऊ दे. अशी वेळ यायची ट्रॅव्हलर भरून, हे नव्हतं माहीत.

पुन्हा लावते. … … नाही. ऐका ना, एक सुचलंय, रागवू नका. तुम्ही बोलाल? बाबांनी उचललाच तर. तुमच्याकडे असा छान आवाज आहे. म्हणायचं, सर, हॉटेलकडून बोलतेय, आमच्याकडे आज दहाच्या वर जागा नाही, नियम आहे. बाबा हॉटेलवाल्यांशी भांडणार नाहीत. बाईमाणसाशी तर नाहीच. बाकीच्यांना हायवेवर कुठेतरी ढाब्यावर जेवू घालतील, प्रितमला मी पटवते, तिथे त्यांना आवडेलही जास्त, मोकळं—नाही? का? दोन वाक्यं तर आहेत. बरं. नका. बरोबर आहे, तुमची नोकरी आहे.

तसं मी दुसरंही करून ठेवलंय. सांगू? वॉचमनला सांगितलंय, खडवलीहून दोन गाड्या येतील, त्या मागच्या गेटला घ्या. जिथून भाजीचे क्रेट येतात तिथे. म्हटलं, आधी मी खाली जाईन, बाबांना बाजूला घेऊन समजावेन, काचेतून कोणाला दिसायला नको. तो म्हणाला, मॅडम, मजूर आहेत का? मी—

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, बरं.

तुम्ही हसत नाही आहात. मघापासून मी एवढं बोलतेय. ऑफिसात मी आत्याची नक्कल केली ना, की लोक टेबलावर डोकं ठेवून हसतात, परत कर, परत कर म्हणतात, आणि मी परत करते. तुम्ही एकदाही नाही हसलात. —जागृती ना नाव? पाटीवर आहे. कुठे राहता? कळव्याला. मग जवळच की. कळव्यात कुठे, खाडीकडे का स्टेशनकडे? गावात? गावात म्हणजे… गावातल्याच? मिठागर कोणाचं, आजोबांचं?

म्हणजे ते मघाचं आत्याचं बोलणं. तुम्हाला कळलं होतं. मी तुम्हाला अर्थ सांगितला त्याचा. चूलबंदचापण सांगितला. आणि तुम्ही ऐकून घेतलात, मान हलवून. तुमची आत्या असंच बोलते? आई बोलते. बरं—नाही, बरं नाही, थांबा, मी दचकलेय.

आणि वडील? ते आलेत कधी इथे, तुमचं हे सगळं बघायला, ही साडी, हे काउंटर? चार वर्षांत एकदा पण नाही? पण न्यायला येतात म्हणालात. रोज येतात? मग कुठे थांबतात ते, इथे खाली तर स्कूटर—

मागच्या गेटला.

तुम्ही सांगितलं होतं का त्यांना, तिथे थांबा म्हणून? नाही. त्यांचे तेच. पहिल्या दिवशी पुढे आले होते आणि कोणीतरी विचारलं. काय विचारलं ते नका सांगू. मला माहीत आहे काय विचारलं ते.

…

बाबा नवा शर्ट घालून येतायत आज. प्रितमनं फोटो पाठवला होता, घडीच्या रेघा दिसतायत. आठ घरं फिरले ते गुडघ्यावर हात ठेवून, प्रत्येक दारात सांगितलं असणार, माझी दिशा हॉटेलात जेवायला घालतेय. आणि हा माणूस मला लपवून द्यायला तयार नाही, आणि मी त्याला क्रेटच्या गेटनं.

ते दार कशाचं आहे गं? ते बंद, डावीकडचं? हॉल? पन्नासचा? आज रिकामा आहे? अगं, मग मघापासून का नाही—हो. मी विचारलंच नाही. मी तुला खोटं बोलायला सांगत होते, जागा विचारलीच नाही. उघडतेस? मॅनेजरना विचारावं लागेल, विचार. विचार तू, मी थांबते. आणि आत त्या चौघांना तिकडे बसवू या, मी सांगते काकूंना. काय सांगू? सांगते, की घरचे येतायत. सगळे. तोंड धरतील तुमचं, घाबरू नका, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. फार तर काय होईल, चूक काढतील. काढू देत.

आधी वॉचमनला फोन लाव तेवढा, तुझ्याकडे खालची लाइन असेल. म्हणावं मॅडम चुकल्या. म्हणावं मजूर नाहीत—किंवा ते नको, तेही कसं वाटतं. म्हणावं, पाहुणे आहेत. आणि हे बघ, आज ड्यूटी सुटली की तुझ्या बाबांना—नाही, ते तुझं तू बघ, मी कोण सांगणारी. पण आलेच वर, तर आमच्या पंक्तीत एक ताट जास्त झालं म्हणून देवरामकाकाला कळणारसुद्धा नाही.

थांब. थांब, वाजतोय. परत लावलेला मी, वाजतोय. … उचलला. उचलला गं, गाणी ऐकू येतायत—

हॅलो? बाबा? … हां, मीच. … नाही, रडत नाहीये, दचकले. … बाबा, ऐक ना, पुढच्या गेटनं या. काचेचं मोठं दार आहे तिथून, सगळे. आणि आत्याला सांग, ताटं आहेत.