पावणं बंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विजयसिंहराव, व्यासपीठावरील मान्यवर, निवृत्त होत असलेल्या आपल्या समुपदेशक क्रांतीताई आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय जिनेंद्र.

मी बापूसो. जयसिंगपूरला माझं वजनकाट्यांचं दुकान आहे. माईक हातात आला की आपल्याकडच्या माणसाचा आवाज आपोआप चढतो, तो आज मुद्दाम खाली ठेवलाय. कारण मागं, दाराजवळच्या खुर्चीत, माझा मुलगा अनेकांत बसलाय. त्याला विचारूनच बोलतोय.

अनेकांत बत्तीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मध्यंतरी त्याला नैराश्यानं गाठलं, ते मात्र कळलंच नाही. कसं कळावं? चेहरा नेहमीसारखाच! एकदा जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाला, "मला आता जगायचं नाही." माझा घास हातातच राहिला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ताईंनी बोलण्याचे उपचार सुरू केले. नैराश्यातल्या माणसाला हळूहळू माणसांत न्यायचं, ही त्यांची नेहमीची रीत. आम्ही 'हळूहळू' सोडलं आणि 'माणसांत' तेवढं धरलं! मग काय विचारता? घरात रोज पावणं. आमची आक्का, माझी थोरली बहीण, पोळीवर पोळी वाढत म्हणायची, "खा की रं, हस की जरा!" लग्न म्हणू नका, वास्तुशांत म्हणू नका, सगळीकडं त्याला फिरवला. पोरगं बोलायचंच बंद झालं.

मी तावातावानं ताईंकडं गेलो. "ताई, ह्यो सुधारतच न्हाय की!" त्यावर कागलच्या या बाई सरळ म्हणाल्या, "बापूसो, पोरगं चुकत न्हाय. माझी रीत चुकतीया." एवढ्या नावाजलेल्या बाईंनी असं म्हणावं? माझा राग तिथंच विरला.

मग रीत बदलली. ताईंच्या खोलीतली, त्याच्या डोळ्यांना खुपणारी ट्यूब बंद झाली. आज काय बोलणार, ते ताई आधीच सांगायच्या. "मनावर ओझं आहे का?" असं विचारलं तर हा म्हणायचा, "मनाचं वजन होत नाही." म्हणून त्या सरळच विचारू लागल्या. झोप लागली का? दुकानातला काटा नेहमीसारखा उघडून बघावासा वाटला का? मरावंसं वाटलं का? हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात कुणी ओठावर आणला नव्हता. त्यांनी विचारला आणि यानं उत्तर दिलं.

लग्नांऐवजी दुकानामागं एकट्यानं बसून जुने काटे दुरुस्त करायचे ठरले. त्यानंतर विसावा, आणि पावणं बंद. पाहुणे रुसले, काही अजून रुसलेत. पण एका सकाळी यानं आपणहून मला विचारलं, "आण्णा, उद्या दुरुस्तीला काय येणार आहे?" उद्या! गिऱ्हाईक समोर असताना मी रडलो.

ताई, तुमचे उपकार मोठे आहेत. अध्यक्षमहोदयांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. आता पंगत आहे. अनेकांत बसेल किंवा मधूनच उठून जाईल. "दोन घास तरी" म्हणून कुणी त्याची वाट अडवू नका. आणि मंडळी, आज मी तुम्हालाही आग्रह करणार नाही. आपल्याकडं याला अपमान म्हणतात. माझ्या घरात याला औषध म्हणतात.