दुसरा रुमाल

पाळक साहेब, मंडळीतले वडीलधारे, माझ्या शाळेतल्या बाई आणि सर, आणि आमच्या गल्लीतल्या माझ्या सगळ्या आयाबहिणींनो,

तुम्ही इतके लोक आलात. एवढ्या उन्हात आलात. कुणी मोताळ्याहून दोन गाड्या बदलून आलं, कुणी दुकान बंद ठेवून आलं. मी तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला उभी राहिले आणि आता काय बोलावं ते सुचत नाही. मी मास्तरीण आहे. पंधरा वर्षं चौथीच्या पोरांसमोर बोलते आहे. पण आज माझे शब्द चौथीच्या पोरांसारखे वागतायत. एकही रांगेत उभा राहत नाही.

माझं बोलणं मागेपुढे होईल. सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाई, रिबकाबाई, मागच्या गुरुवारी दुपारी गेल्या. जेवण झालं होतं. दारात बसून तूर निवडत होत्या. सूप मांडीवर होतं. मी शाळेत होते. शेजारच्या शकिला आपांचा फोन आला, "शालू भाभी, जल्दी ये." मी आले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सुपातली अर्धी तूर निवडून झाली होती.

गेले चार दिवस लोक मला एकच सांगतायत. आईचा विश्वास किती मोठा होता. प्रभूची मर्जी. त्या चांगल्या ठिकाणी गेल्या. तुम्ही प्रेमानं सांगता, मला माहीत आहे. पण खरं सांगू? प्रभूची मर्जी हे दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाची आग होते. चार वर्षांपूर्वी माझा विजय गेला, तेव्हाही मी हेच दोन शब्द ऐकले होते. तुमच्यातले बरेच जण तेव्हाही इथेच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विजय म्हणजे माझा नवरा, आईंचा एकुलता एक मुलगा. चिखली-बुलढाणा काळीपिवळी चालवायचा. कावीळ झाली. तीन आठवडे. एवढंच. अडतिसाव्या वर्षी माणूस गेला. आम्हाला मूलबाळ नाही. घरात राहिलो आम्ही दोघी, सासू आणि सून. आईंचे यजमान तर विजय पाळण्यात असतानाच गेले होते. म्हणजे घरात दोन विधवा, आणि भिंतीवर दोन फोटो.

मी त्या दिवसापासून चर्चमध्ये गेले नाही. आज पाळक साहेबांसमोर सांगते, लपवत नाही. एकही रविवार नाही. नाताळ नाही. ईस्टर नाही. ज्याच्याकडे मी तीन आठवडे गुडघे टेकून एक माणूस मागितला, त्यानं तो दिला नाही. मग मी कशाला जाऊ? काय गाऊ? कुणाचे आभार मानू?

आणि आई? आई पहिल्याच रविवारी गेल्या. मुलाला मातीत ठेवून पाच दिवस झाले होते. पांढरं पातळ नेसल्या, शास्त्राची, म्हणजे बायबलची, पिशवी घेतली, आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "येतं का वं शालू?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

मंडळी, हे चार वर्षं चाललं. दर रविवारी तोच दरवाजा, त्याच चपला, तोच प्रश्न. येतं का वं शालू? नाही. बरं. कधी ओरडल्या नाहीत. कधी शास्त्रातलं वचन तोंडावर मारलं नाही. एकदा मीच चिडून विचारलं, "आई, तुम्हाला राग नाही येत देवाचा? नवरा नेला. पोरगा नेला. आणि तुम्ही त्याच्याच दारात जाता?"

त्या तांदूळ धूत होत्या. पाणी ओतता ओतता म्हणाल्या, "राग नाई तं काय? लय भांडन हाय माह्यं त्याच्यासंग. पन भांडाले समोर तं जा लागते ना. घरी बसून कोनासंग भांडू?"

हा त्यांचा विश्वास. तुम्ही म्हणता तसा शांत, गोड विश्वास मी तरी त्यांच्यात पाहिला नाही. त्या मोरीत भांडी घासताना देवाशी बोलायच्या, आणि ते बोलणं काही गोड नसायचं. "तुले दिसत नाई काय?" असं म्हणायच्या. मला वाटायचं मला म्हणतायत. मी विचारायचे, "काय आई?" तर म्हणायच्या, "तुले नाई म्हटलं."

हसा. हसलात तर त्यांना आवडेल.

आता मला एक सांगायचं आहे. ते सांगण्यासाठीच मी उभी आहे. नाहीतर पाळक साहेबांना मी सरळ नाही म्हटलं असतं.

आई दर रविवारी जाताना दोन रुमाल न्यायच्या. एक कमरेला खोचलेला. दुसरा घडी करून शास्त्राच्या पिशवीत. शकिला आपा ब्लाऊज शिवतात, त्यांच्याकडून आई कतरन आणायच्या आणि हातानं टीप घालून रुमाल करायच्या. सोमवारी धुणं मी धुवायचे. दोन्ही रुमाल माझ्याच हाताखालून जायचे. पहिला घामाचा, हे कळत होतं. दुसरा कशाचा?

मी ठरवून टाकलं. दुसरा रडण्याचा.

कारण घरात त्या रडत नव्हत्या. विजयची शवपेटी उचलली तेव्हा रडल्या नाहीत. त्याचे शर्ट मी वाटून टाकले तेव्हा रडल्या नाहीत. मी रडायचे. मी भिंतीवर डोकं आपटून रडायचे आणि त्या माझ्या डोक्याला तेल लावत बसायच्या, कोरड्या डोळ्यांनी. मला वाटायचं, ही बाई सगळं रडू साठवून ठेवते आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन, चार बायकांच्या देखत, वाहून टाकते. माझ्या वाट्याला एक थेंब नाही. माझ्यासोबत रडायची हिची तयारी नाही. याचा मला किती राग होता म्हणून सांगू तुम्हाला!

दुसऱ्या वर्षी एका रविवारी तो राग बाहेर पडला. त्या रुमालाची घडी करत होत्या. मी म्हणाले, "घेतला का दुसरा रुमाल? जा. लोकांसमोर जाऊन रडा. पोटचा पोरगा गेला, माझ्यासमोर कधी एक टिपूस काढलं नाही तुम्ही."

त्यांनी घडी पूर्ण केली. रुमाल पिशवीत ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी तुह्यासमोर रडली असती, तं तू कोनासमोर रडली असती?"

आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "येतं का वं शालू?"

रुमालाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. सोमवारी धुताना त्या दुसऱ्या रुमालाला धूळ लागलेली असायची, लाकडी बाकावरची असते तशी. डोळे पुसलेल्या रुमालाला धूळ कशी लागेल? दर आठवड्याला मी तो साबण लावून घासत होते, आणि मला हा साधा प्रश्न पडला नाही.

आता मागच्या रविवारचं सांगते. म्हणजे परवाचा नाही, त्याच्या आधीचा. त्या असतानाचा शेवटचा रविवार.

मी पेपर तपासत बसले होते. चाळीस पोरांचे पेपर, लाल पेन, डोकं उठलेलं. दारातून आवाज आला, येतं का वं शालू? आणि मी, फक्त तो आवाज थांबावा म्हणून, मान वर न करता म्हणाले, "पुढच्या रविवारी येईन."

चपलांचा आवाज थांबला. त्या एक पाऊल घरात परत आल्या.

"पक्कं?"

"हो, पक्कं."

मी खोटं बोलले. मंडळी, मी खोटं बोलले. मला जायचं नव्हतं. पुढच्या रविवारी काहीतरी कारण सांगू असा विचार करून मी पुढचा पेपर ओढला. आणि त्या आठवड्यात आई खूष होत्या. सोमवारी त्यांनी भाकरी थापताना गाणं म्हटलं. मला वाटलं, गुडघा दुखायचा थांबला असेल.

गुरुवारी त्या गेल्या.

शुक्रवारी माती देऊन आलो. घर माणसांनी भरलेलं होतं. शकिला आपा आईंना खाला म्हणायच्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शालू भाभी, एक बात बोलायची हाय. खाला सोमवारी आल्ती माह्याकडं. मी कतरन काढून ठेवली होती तिच्यासाठी. तं म्हणे, नको आता. या इतवारी रुमाल टाकाची गरज नाई. शालू येऊन राह्यली."

मी म्हणाले, "रुमाल टाकायची? कुठे टाकायची?"

शकिला आपा माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुले मालूम नाई?"

मला माहीत नव्हतं. इथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. कारण मी येतच नव्हते!

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण सगळ्यांनी टाकलेत. माझ्या सासूनं चर्चच्या बाकावर रुमाल टाकला. बायकांच्या बाजूला, तिसरा बाक, पंख्याखाली. दर रविवारी. चार वर्षं. स्वतः शेजारी बसायच्या आणि त्या रुमालावर कुणाला बसू द्यायच्या नाहीत.

त्या मार्थाबाई बसल्यात बघा, खाली मान घालून. मार्थाबाई, सांगू का? सांगते. दोन वर्षांपूर्वी नाताळला चर्च भरलेलं. पाहुण्या उभ्या होत्या. मार्थाबाई म्हणाल्या, "रिबकाबाई, उचला तो रुमाल. हे काय एसटी हाय का?" आणि आई म्हणाल्या, "एसटी नाई तं काय? साऱ्याइले एकाच गावाले जायचं हाय. माही सून मागून येऊन राह्यली." त्यावरून दोघी तीन महिने बोलत नव्हत्या. हे मला स्वतः मार्थाबाईंनी शुक्रवारी सांगितलं, आणि सांगताना त्या इतक्या रडल्या की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

तर तो रुमाल रडण्याचा नव्हता. तो माझा होता.

शुक्रवार ते रविवार मी बसले नाही. झोपले नाही म्हणत नाही, बसले नाही. घरातल्या घरात फिरत होते. घासलेली भांडी पुन्हा घासली. एका बाईनं चार वर्षं माझी जागा धरली, आणि मी तिला मरायच्या आधी एक खोटं दिलं, आणि ती त्या खोट्यावर चार दिवस खूष राहून गेली. आता माफी कुणाकडे मागू? जाऊन काय करू? नुसत्या अपराधीपणानं चर्चमध्ये गेलं तर ते जाणं म्हणतात का? पाळक साहेब मला म्हणाले, "शालिनीबाई, आईंनी आता वर तुमच्यासाठी रुमाल टाकला असेल." साहेब, तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात. पण मला ते पटलं नाही. त्यांनी जागा वर नव्हती धरली. इथे धरली होती, चिखलीत, तिसऱ्या बाकावर.

परवाच्या रविवारी सकाळी दारात कुणी विचारलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं नाही.

मी चपला घातल्या.

उशिरा पोचले. पहिलं गाणं संपत आलं होतं. तिसऱ्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या. एक आईंची. आणि दुसरीवर रुमाल होता. मार्थाबाईंचा. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गाता गाता हात लांब करून रुमाल उचलला आणि परत आपल्या कमरेला खोचला.

मंडळी, आपल्याकडे साक्ष देतात. मला हे मिळालं, मी बरी झाले, देवानं माझ्यासाठी हे केलं. माझ्याकडे तशी साक्ष नाही. मला गाता आलं नाही. प्रार्थना झाली तेव्हा मी डोळे उघडे ठेवले. विजय का गेला, याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि मी ते मागायचं सोडणार नाही. माझं भांडण अजून आहे. पण परवा मी पहिल्यांदा समोर जाऊन भांडले. आणि मला एवढं कळलं की त्या बाईचा विश्वास काही दगड नव्हता, रडू न फुटणारा. ती दर रविवारी तितकीच मोडलेली जायची. फक्त जाताना माझी जागा सोबत न्यायची.

आता माझं संपलं. शोकसभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहतात. माझी विनंती आहे, आज उभं राहू नका. बसूनच राहा. ज्यांना प्रार्थना करता येते त्यांनी प्रार्थना करा. शकिला आपा, तुम्ही तुमची दुवा करा. ज्यांना देवाचा राग आहे त्यांनी रागावून बसा. पण बसा. उठून जाऊ नका. त्या बाईला आयुष्यभर एवढंच हवं होतं, की शेजारचं माणूस बसलेलं असावं.

मीही बसते.

आई, पक्कं म्हटलं होतं तेव्हा मी खोटं बोलले होते. उशीर झाला. पण आले हो मी.