कानपिळीचा सराव

मी सलील दिगंबर पाथरे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी, लिफ्ट मेकॅनिक, राहणार दार्सैत, मस्कत, ओमान, मूळ गाव आंबवली, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी.

आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगतो की, मी आठ वर्षे मस्कतला नोकरीला आहे. मयत साई कृष्णकांत खांबे, वय २९ वर्षे, हा माझ्याच वाडीतला. तो मस्कतमधल्याच रुवी भागात चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि दार्सैतला माझ्याच खोलीत राहत होता. त्याची धाकटी बहीण ज्ञानदा हिने माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. तो मला वाचून दाखवला. त्यात दोन गोष्टी आहेत. साई बुडाला त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात झटापट झाली, ही एक. तो गेल्यावर मी त्याच्या फोनवरून तिला खोटे मेसेज केले आणि तिचे लग्न लागेपर्यंत त्याचा मृत्यू लपवला, ही दुसरी. दुसरी गोष्ट खरी आहे.

ज्ञानदाचे लग्न मे महिन्यात, रविवारी होते. साईची रजा मंगळवारपासून मंजूर होती. शुक्रवारी रात्रीचे विमानाचे तिकीट होते. बॅग भरून कपाटावर ठेवली होती. मधले दिवस मोकळे म्हणून तो म्हणाला, "ज्ञानूचं लग्न झालं की आई माझ्यामागे लागेल. मग कुठलं फिरणं! चल, एकदा पाठीला सॅक लावून निघू." हे आमचे तीन वर्षे नुसते ठरत होते. मी चार दिवस रजा टाकली. मंगळवारी पहाटे आम्ही बसने सूरला गेलो आणि तिथून एका मच्छीमाराच्या पिकअपमध्ये मागे बसून दुपारी अशखरा या गावी पोचलो.

अशखरा समुद्रकाठी आहे. मस्कत भाजत असते तेव्हा तिथे गार वारा असतो. गावात कसलीच घाई नाही. दुपारी दुकाने बंद, शेळ्या पुठ्ठे खात फिरतात, माणसे जाळ्यांवर आडवी पडलेली. चहाचे दुकान एका केरळी माणसाचे आहे. साईला गाव फारच आवडले. "इथं चष्म्याचं दुकान काढलं तर कोण घेईल? इथं कोणाला काही वाचायचंच नाही," असे तो म्हणाला. आम्ही यासिर नावाच्या स्थानिक माणसाकडून वाळूवरची झापांची झोपडी भाड्याने घेतली. यासिरने हाताने समुद्र दाखवून सांगितले, "देखो, नहाना नहीं. पानी खींचता है. खलास." त्याला मोडके हिंदी येते. आम्ही हो म्हणालो.

आता झटापटीबद्दल. ओमानच्या पोलिसांच्या कागदांत यासिरचे म्हणणे आहे की, संध्याकाळी एक जण दुसऱ्याचा कान धरून त्याला वाळूवर ओढत होता आणि दुसरा ओरडत होता. ओरडणारा मी. यासिर खोटे बोललेला नाही, त्याने जे पाहिले तेच सांगितले.

आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, त्याला कानपिळी म्हणतात. बहिणीला नीट सांभाळ अशी ती समज असते, आणि भावाला कपडे मिळतात. साई त्या संध्याकाळी त्याच विचारात होता. ज्ञानदाचा नवरा उंच आहे आणि जिममध्ये जातो. साई त्याच्या खांद्याला लागत होता. "हसण्यावारी गेलं तर काय उपयोग? पाहुण्याला महिनाभर आठवण राहिली पाहिजे," असे म्हणून त्याने सराव म्हणून माझा कान धरला. मी ओरडलो, पळालो. त्याने पुन्हा धरला. म्हणाला, "जावईबापू, पळता कुठं? आधी सांगा, ज्ञानूला नोकरी सोडायला लावणार नाही." मी हो म्हणेपर्यंत सोडले नाही. यासिर धावत आला. आम्ही त्याला "शादी, बहन, कान" असे सांगून बघितले. त्याने दोघांकडे पाहिले, "यल्ला, सो जाओ" म्हणाला आणि गेला. आमच्यात याशिवाय दुसरे भांडण त्या दिवशी किंवा पूर्वी कधी झाले नाही.

बुधवारी सकाळी मी पराठे आणायला चहाच्या दुकानावर गेलो. साई रात्रीचे पातेले घासायला घेऊन पाण्याकडे निघाला होता. पोहायला गेला नव्हता. मी परत आलो तेव्हा यासिर ओरडत होड्यांकडे पळत होता. पातेले वाळूत होते, चपला होत्या. यासिरने सांगितले की पातेले लाटेने ओढले, ते आणायला साई गुडघाभर पाण्यात गेला आणि दुसऱ्या लाटेने त्याला पाडले. पातेले मागाहून आपोआप काठाला लागले. आमच्या वाडीची पोरे नदीत पोहलेली. समुद्राची आम्हाला माहिती नाही, आणि आम्हाला वाटत होते की आहे. गुरुवारी मच्छीमारांना साई सापडला. ओळख मी पटवली.

बुधवारी दुपारीच मी ज्ञानदाच्या घरातील एका मोठ्या माणसाला फोन केला होता. सापडला की कळव, असे ते म्हणाले. गुरुवारी पुन्हा केला. ते म्हणाले, "नक्की साईच ना?" मी हो म्हणालो. मग म्हणाले, "सलील, दारात मांडव पडलाय. आता सुतक आलं तर लग्न मोडेल, आणि पोर जन्मभर स्वतःला दोष देईल. कळेपर्यंत सुतक नाही, असं जुनी माणसं म्हणतात. रजा मिळाली नाही म्हणून कळव. रविवार जाऊ दे." आखातात असलेल्या माणसाला रजा मिळाली नाही म्हटले की घरचे पुढे काही विचारत नाहीत. साईचा फोन माझ्या सॅकमध्ये चार्जिंगला होता. लॉक मला माहीत होते. मी लिहिले, "ज्ञानू, रजा कॅन्सल झाली. रागावू नकोस."

मला हे करायला सांगणाऱ्याचे नाव काय, असे साहेबांनी विचारले. नाव सांगण्याची माझी इच्छा नाही. रविवारी तिचे कन्यादान त्यांनीच केले, एवढे लिहावे. मला त्यांचा राग आला होता. नंतर लग्नाचा व्हिडिओ पाहिला. त्यात ते पंगतीत जिलबीचा आग्रह करत फिरताना दिसतात. तेव्हापासून मला राग धरता आलेला नाही.

शुक्रवारी साईच्या फोनवर ज्ञानदाचा मेसेज आला. तो मी इथे सांगणार नाही. साहेबांनी तिच्या फोनमध्ये पाहिला आहे. बहीण रागाच्या भरात भावाला बोलते तसाच तो आहे. मी त्याला "सॉरी" एवढेच उत्तर दिले. त्यापेक्षा जास्त साईच्या नावाने लिहायची माझी हिंमत झाली नाही. तो मेसेज मी वाचला. साईने वाचला नाही. तो आला तेव्हा साई जाऊन दोन दिवस झाले होते. हे ठळक लिहावे.

लग्नात कान चुलतभाऊ बंटीने पिळला. सोमवारी ज्ञानदा माहेरी आली तेव्हा तिला सांगण्यात आले. मंगळवारी मी साईला घेऊन आलो. सोबत त्याची भरलेली बॅगही आणली. ती तिने अजून उघडलेली नाही असे कळते. मी केले ते बरोबर केले असे मी म्हणत नाही. तिला मुहूर्त मिळाला आणि भावासाठी रडायचे चार दिवस गेले, यातले काय मोठे ते मला कळत नाही. पण साई लग्नाला येणार नव्हता हे खोटे आहे. तो निघालाच होता.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी ज्ञानदा समोरच्या बाकावर बसली होती. आल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. वाचून झाल्यावर तिने विचारले, "कुठला कान?" ते सांगायचे राहून गेले होते. मुलाचा कोणता कान पिळतात हे साईला नक्की माहीत नव्हते, म्हणून त्याने दोन्ही पिळले. तेवढे वाढवून घेतले आहे. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे, ते खरे आहे, म्हणून खाली सही करतो.